मार्चच्या पानावर नोंद नाही

कोकीळ मला आवडत नाही, हे मराठीत लिहायला जरा धाडसच लागतं. लहानपणापासून आपण ऐकत आलो की वसंत आला, आंब्याला मोहर आला, कोकिळा गाऊ लागली. मुळात गाते ती कोकिळा नाही. गातो तो नर, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. आमच्या इमारतीच्या कुंपणालगत आंब्याचं झाड आहे. फेब्रुवारी सरता सरता तो तिथे मुक्कामाला येतो आणि पहाटे साडेचारला सुरू होतो. एकेक स्वर चढवत टिपेला पोचतो, गप्प बसतो, पुन्हा खालून सुरुवात. त्याने मला उठवलं असं म्हणता येणार नाही, कारण मी त्याच्या आधीपासून जागी असते.

राहायला मी ठाण्यात, वसंत विहारमध्ये. हा विनोद माझा नाही, विजेच्या बिलावर तसाच पत्ता येतो.

खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे काटेसावर फुलते, पांगारा फुलतो, खाली रस्त्यावरच्या पिंपळाला तांबूस पालवी येते. फोटो काढणाऱ्यांची रविवारी गर्दी असते. मला हे सगळं दिसतं. सुंदर आहे हेही कळतं. आत काहीही हलत नाही. उलट वाटतं, हे एवढं भडक कशाला?

उदास माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोपऱ्यात बसून रडणारं, दिवसभर अंथरुणात पडून राहणारं कुणीतरी येतं. माझं तसं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते उदासपण आहे हे कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. माझी झोप साडेतीनला तुटायची ती तुटायचीच. दिवसभर अंगात एक प्रकारची घाई असायची आणि काम मात्र एकही पुरं व्हायचं नाही. कुकरची शिट्टी सहन व्हायची नाही. नवरा चहात साखर ढवळताना चमचा कपाला लावतो, त्या किणकिणाटाने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते दुःखाचं नसायचं, संतापाचं असायचं. घास तोंडात फिरायचा. संध्याकाळी ऊन उतरलं की छातीत काहीतरी कालवायचं आणि वाटायचं की काहीतरी वाईट घडणार आहे, फक्त नेमकं काय ते ठरायचंय.

एका चैत्रात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेले होते. झोपाळ्यातली गौर, समोर कलिंगडाची कापून केलेली कमळं, करंज्यांचं ताट. हातावर अत्तर, ओटीत भिजवलेले हरभरे. मग द्रोणातून आंब्याची डाळ आली. वाटलेली हरभऱ्याची डाळ, किसलेली कैरी, वरून मोहरी-हिंगाची फोडणी, लाल मिरचीचा तुकडा. मला आयुष्यात सगळ्यात जास्त आवडणारा पदार्थ कुठला असं कुणी विचारलं असतं, तर तोपर्यंत मी हाच सांगितला असता. एक चमचा तोंडात घातला आणि जिभेला ओला भुसा लागला. आंबट कळत होतं, तिखट कळत होतं, पण ‘आंब्याची डाळ’ कळत नव्हती. मी द्रोण हातात धरून बसले, चमच्याने डाळ एका बाजूला सारत राहिले, म्हणजे खाल्ल्यासारखी दिसेल. शेजारी बसलेली एक जण म्हणाली, “काय गं, कसली बारीक झालीस! काय करतेस ते आम्हालाही सांग की.” सगळ्या हसल्या, मीही हसले. माझ्या आजाराचं एक लक्षण तिथे चारचौघींत कौतुकाचा विषय झालं होतं.

ऑफिसात तर बोलायलाच नको. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला आहे. मार्च महिन्यात अकाउंट्समधला कुठला माणूस नीट झोपतो? कोण वेळेवर जेवतं? कोण खेकसत नाही? मी खेकसले की समोरचा म्हणायचा, “मॅडम, मार्च एंडिंग आहे, चालायचंच.” एकतीस मार्च हे इतकं सोयीचं पांघरूण आहे की त्याखाली काहीही झाकून जातं. एप्रिलमध्ये मग ऑडिटची तयारी असते. मेमध्ये उकाडा. जूनमध्ये पाऊस यायचा आणि मी माणसांत यायचे, आणि सगळं विसरून जायचे. हा विसर फार पक्का असतो. बरं वाटायला लागलं की आपण कधी बरे नव्हतो हे खरं वाटत नाही.

हे उघडकीला आलं ते घराच्या रंगकामात.

आमच्याकडे स्वयंपाकघरात एका खिळ्यावर कालनिर्णय असतं. जुनं काढून टाकायची पद्धत नाही, नवं त्याच्यावरच अडकवायचं. सासूबाईंचं म्हणणं, कधीतरी तिथी बघायला लागते. माझी सवय अशी की घरातला प्रत्येक व्यवहार त्याच्या चौकटीत लिहायचा. गॅस लावला. दूध अर्धा लिटर कमी. बाई आली नाही. पेपरवाल्याला दिले. गिरणीत दळण. रंगाऱ्याने खिळा काढायला सांगितला, तेव्हा तो गठ्ठा खाली आला आणि धूळ पुसता पुसता मी जमिनीवर बसून ते चाळत राहिले. जानेवारी भरलेला. फेब्रुवारी भरलेला. शिमग्याच्या आसपास अक्षर बारीक होत गेलेलं. आणि मार्चचं पान पांढरं. कुठेतरी एका चौकटीत नुसतं ‘गॅस’, तेही नवऱ्याच्या अक्षरात. एप्रिल तसाच. मग मृगाच्या सुमाराला पुन्हा माझं अक्षर: छत्र्या दुरुस्तीला टाकल्या, ताडपत्री आणली, बाईचे दोन खाडे.

खालचं वर्ष उघडलं, तिथेही तेच. त्याच्या खालचं, तेच.

माझा सगळा जन्म खतावण्यांत गेला. नोंद नाही म्हणजे व्यवहार झालाच नाही असं होत नाही, हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवते. तिथे फरशीवर बसून मी नवऱ्याला हाक मारली आणि म्हटलं, “अरे, हे बघ. दर वर्षी मी तीन महिने घरात नसतेच.” तो आधी हसला. मग त्याने स्वतःचं ‘गॅस’ वाचलं. मग शेजारी बसला.

मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं ठरलं ते असं. त्या बाई शांत होत्या. त्यांनी कालनिर्णयाचे मोबाईलवर काढलेले फोटो पाहिले, आणि पहिला प्रश्न नेमका माझ्या दुखऱ्या जागी विचारला: “पण तुमचं मार्च एंडिंग असतं ना? मग हे ऋतूमुळे कशावरून? कामामुळेच असेल.” मला राग आला, पण तो प्रश्न फार महत्त्वाचा होता, हे नंतर कळलं. एखाद्याचं नैराश्य ऋतूशी बांधलेलं आहे असं म्हणण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी पाहाव्या लागतात. ते किमान सलग दोन वर्षं त्याच काळात आलं पाहिजे आणि ठरल्यासारखं गेलं पाहिजे. त्या दोन वर्षांत एरवी कधी ते आलेलं नसावं. आणि दर वर्षी त्याच वेळी येणारं दुसरं उघड कारण, म्हणजे हंगामी बेकारी किंवा परीक्षा असली काही गोष्ट, त्यामागे नसावी. आता आपल्याकडे ही अट म्हणजे गंमतच आहे. शाळेत वार्षिक परीक्षा मार्चमध्ये, दहावी-बारावी मार्चमध्ये, नोकरीत वर्षअखेर मार्चमध्ये, पोरांच्या परीक्षा पुन्हा मार्चमध्ये. मार्च मोकळा असलेला मराठी माणूस आणायचा कुठून?

उत्तर पुन्हा त्या गठ्ठ्यानेच दिलं. मुलगा लहान असताना मी काही वर्षं नोकरी सोडून घरी होते. ना एंडिंग, ना परीक्षा. त्या वर्षांचे मार्चही पांढरेच होते.

मग त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याला वैद्यकात नाव मिळालं १९८४ साली. नॉर्मन रोझेन्थाल नावाचे डॉक्टर दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेले, तिथल्या अंधाऱ्या हिवाळ्यात त्यांना स्वतःलाच मरगळ जाणवली, आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’चं पहिलं वर्णन लिहिलं. ते हिवाळ्यातलं: माणूस खूप झोपतो, गोड-पिठूळ खात सुटतो, वजन वाढतं. तीनच वर्षांनी, १९८७ मध्ये, रोझेन्थाल यांच्याच संस्थेतल्या टॉमस वेहर आणि सहकाऱ्यांनी उलट्या घड्याळाचे रुग्ण नोंदवले, उन्हाळ्यात खचणारे आणि हिवाळ्यात खुलणारे. वसंतापासून सुरू होणाऱ्या या प्रकारात झोप उडते, भूक मरते, वजन उतरतं, जीव तगमगतो, चिडचिड होते. हा प्रकार हिवाळ्यातल्यापेक्षा कमी आढळतो आणि त्यावर लिहिलं-बोललंही कमी जातं. ऐकताना मला वाटलं, कुणीतरी माझी कुकरची शिट्टी, माझा चमचा आणि माझी आंब्याची डाळ ओळीने वाचून दाखवतंय.

इंटरनेटवर या विषयावर काही शोधायला गेलात तर सल्ले मिळतात ते बहुतेक बर्फाळ देशांतले. उन्हात बसा. पडदे उघडा. प्रखर दिव्यासमोर सकाळी अर्धा तास काढा. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो आणि जूनमध्ये साडेसोळा तासांचा होतो, त्यांना हे शोभतं. ठाण्यात डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा आणि जूनचा सव्वातेरा. आपल्याला उजेडाची काय टंचाई? आपला वसंत म्हणजे थंडी संपल्याचा सुटकेचा निःश्वास नाही, ती उन्हाळ्याची पायरी आहे. मार्चमध्ये वारा जमिनीकडून येत असतो. समुद्रावरचा वारा दुपारच्या आत पोचला तर ठीक, लांबला की पारा चढतच राहतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती, म्हणजे ऐन मेमधली नाही, मार्चमधली. आणि ठाणे तर समुद्रापासून आणखी आत, पाठीला डोंगर. रात्री भिंती गरम असतात. झोप लागायची तर शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि इथे ते उतरायलाच तयार नसतं. झोप मोडली की मन मोडतं, मन मोडलं की झोप. कुठून सुरुवात होते हे प्रत्येकाचं वेगळं, आणि याची कारणं पूर्णपणे उलगडलीत असा दावा डॉक्टरही करत नाहीत. पण माझ्यासारखीने उन्हात बसून प्रखर दिवा लावायचा नसतो, हे मात्र मला स्पष्ट सांगितलं गेलं. मला हवा होता अंधार आणि गारवा.

आणखी एक गोष्ट त्यांनी खोदून खोदून विचारली. कधी याच्या उलटं झालंय का? दोन तास झोपूनही ताजंतवानं वाटतंय, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जातायत, सगळं जग आपल्याच खिशात आहे असं काही? माझं तसं कधी झालं नव्हतं. पण ज्यांचं होतं त्यांचा आजार वेगळा असू शकतो, त्यांना या दिवसांत उन्मादाचा झटकाही येऊ शकतो, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी तो भडकू शकतो. म्हणून मैत्रिणीच्या पर्समधली गोळी आपण घ्यायची नाही. शिवाय थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ या तपासण्या झाल्या. पन्नाशीला टेकलेल्या बाईच्या बाबतीत पाळीचाही विचार करावा लागतो, तोही झाला.

आता सासूबाईंना सांगायचं होतं. त्या गिरगावात वाढलेल्या. त्यांच्या पिढीत कुणी जरा विचित्र वागलं की म्हणायचे, “याला ठाण्याला पाठवा.” ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. सगळ्या मुंबईच्या लेखी आमचं गाव म्हणजे तेवढंच. आम्ही इथे घर घेतलं तेव्हा गिरगावातल्या नातेवाइकांनी तो विनोद मनसोक्त करून घेतला. आता त्याच रुग्णालयाच्या जागेवर ठाणे-मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन व्हायचंय, आणि लोक त्या स्टेशनमुळे जागांचे भाव किती वाढतील याचं गणित मांडतायत. पण विनोद जिवंत आहे. खरं तर मनाच्या आजाराबद्दल मोकळेपणाने बोलायला शिकवणारी जी काही गावं महाराष्ट्रात असतील त्यांत ठाणं वरच्या नंबरला यायला हवं. डॉ. आनंद नाडकर्णींची ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ १९९० पासून इथेच आहे, आणि तिच्या कार्यक्रमांना नौपाड्यातल्या आजी-आजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे जातात. ऐकायला जातात. स्वतःसाठी जायची वेळ आली की मात्र जिना चढताना आजूबाजूला बघतात. मीही बघितलं.

मी सासूबाईंना म्हटलं, “आई, मी मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी गोळ्या दिल्यात.”

त्यांनी चष्मा वर केला. “जेवणाआधी की जेवणानंतर?”

“नंतर.”

“मग आधी जेव. सकाळपासून नुसत्या चहावर आहेस.”

पुढे कधीतरी, शेंगा सोलता सोलता, त्या आपणहून म्हणाल्या, “माझी आई चैत्र लागला की गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायची. तासन्‌तास. आम्हाला वाटायचं, गारवा असतो म्हणून.” एवढंच. मीही पुढे काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही.

गोळ्यांचं सांगायचं तर त्यांत जादू नाही. पहिला आठवडा मळमळलं. फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात हे आधीच सांगितलं होतं म्हणून टिकले. नाहीतर ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणाऱ्यांत माझाही नंबर लागला असता. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू उतरवतात. आणि ज्यांना लिथियम, म्हणजे मनाचे चढउतार आवरणारं औषध, चालू आहे त्यांनी या दिवसांत पाणी आणि मीठ यांची आबाळ होऊ द्यायची नाही. घामाने शरीर कोरडं पडलं की रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. पुरुषांच्या डब्यातून धक्के खात ऑफिसला जाणाऱ्या, बाटली विसरणाऱ्या माणसासाठी ही साधी गोष्ट नाही. अकाउंट्सवाली म्हणून एक टीप: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारांना इतर आजारांसारखंच धरायला सांगितलंय. मेडिक्लेमची कागदपत्रं एकदा काढून वाचा.

बाकीचं घरच्या घरी. बेडरूमला जाड, गडद पडदे लावले. पाहुणे विचारतात, एवढ्या छान डोंगराकडे पडदा का ओढलाय. रात्री कोमट पाण्याने आंघोळ. पहाटे जाग आलीच तर पंधरा-वीस मिनिटांच्या वर तळमळत पडायचं नाही, बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसायचं, मोबाईल लांब. उठायची वेळ मात्र रोज तीच. ऊन तापायच्या आत उपवन तलावाला एक फेरी. तिथे सकाळी हास्यक्लबवाले असतात, मी त्यांच्या विरुद्ध बाजूने चालते. दुपारी झोपायचं नाही. हे शेवटचं वाग्भटानेही सांगून ठेवलंय. वसंतात दिवसा झोपू नका, व्यायाम करा, आणि जड, थंड, गोड, आंबट, स्निग्ध खाऊ नका. म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांच्या लेखी वसंत हा नुसता गाणी म्हणायचा ऋतू नव्हता, सांभाळायचा ऋतू होता. त्यावर आपण पाडव्याला काय करतो, तर श्रीखंड-पुरी.

पण मला सगळ्यात जास्त कशाने हात दिला असेल तर वाळवणाने. समुपदेशक बाईंचं म्हणणं होतं, मन लागेल तेव्हा काम करू असं म्हणत बसू नका. आधी काहीतरी लहानसं करा, मन मागून येतं. ठरल्या वेळी, ठरलेलं, हाताने करायचं काम. सासूबाई दर मार्चमध्ये साबुदाण्याच्या पापड्या घालतात. त्या वर्षी त्यांनी शिजवलेला साबुदाण्याचा चीक पातेल्यात माझ्या हाती दिला आणि गच्चीवर पिटाळलं, सात वाजता, ऊन कोवळं असताना. प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या, पळीने चीक सोडायचा, पळीच्याच पाठीने गोल फिरवायचा. पहिल्या ओळीतल्या पापड्या जाड झाल्या, दुसरीतल्या फाटल्या. मग हात बसला. दुपारी त्यांच्या कडा वर यायला लागतात, दाणे काचेसारखे दिसायला लागतात, तेव्हा त्या उलटायच्या. लवकर उलटली तर चिकटते, उशीर झाला तर तडकते. ती वेळ डोक्याने कळत नाही, बोटांनी कडा उचलून बघावी लागते. त्या दहा-पंधरा मिनिटांत मी कशाचाही विचार करत नसायचे. संध्याकाळी छातीतलं कालवणं असायचंच, पण डबा भरत चाललेला दिसायचा. कुणाला हे हास्यास्पद वाटेल, वाटू द्या.

सणांना मात्र मी कात्री लावली. का, ते सांगते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १८९७ मध्ये आत्महत्यांवर मोठा अभ्यास लिहिला. त्याने युरोपातले आकडे मांडून दाखवलं की सगळ्यांना वाटतं तसं हे हिवाळ्याच्या अंधारात सर्वाधिक होत नाही, वसंत-उन्हाळ्याकडे होतं. त्याचं कारण त्याला उष्णतेत दिसलं नाही. दिवस मोठा झाला की माणसांचं येणं-जाणं, व्यवहार, गर्दी वाढते, त्यात त्याला ते दिसलं. तो सर्वस्वी बरोबर होता असं आज कुणी म्हणणार नाही, पण लग्नसराईचा महिना, वास्तुशांती, मुंजी, हळदीकुंकवं आणि सुट्टीला येणारे पाहुणे एका रांगेत उभे राहिले की मला दुर्खीम आठवतो. सगळं जग नटून बाहेर पडलेलं असतं आणि आपल्याला पायात चप्पल सरकवणं जड असतं, तेव्हा एकटेपणाला धार येते. श्रावणात पाऊस कोसळत असताना कुणी घरात बसून राहिलं तर कुणी विचारत नाही. चैत्रात विचारतात.

इथे एक गोष्ट आडवळण न घेता लिहिते. या प्रकारात अंगात मरगळ नसते, तगमग असते. आणि तगमग, झोप नसणं, सुटका नाही असं वाटणं, हे तिन्ही एकत्र आलं तर ते धोक्याचं. डॉक्टरांकडे नऊ प्रश्नांची एक यादी असते, गेल्या दोन आठवड्यांत काय वाटलं याची. तिच्यातला नववा प्रश्न जगणं नको वाटतं का, हा आहे. मी त्या प्रश्नावर पेन थांबवलं होतं. मग खरं उत्तर लिहिलं. डॉक्टर दचकल्या नाहीत, त्यांनी फक्त खुर्ची थोडी पुढे घेतली आणि नीट विचारलं. घरात कुणाच्या बोलण्यात असं काही आलं तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६. २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नंबर फ्रीजवर लावून ठेवा, गॅस एजन्सीच्या नंबरशेजारी.

ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं नाही. फक्त साहेबांना सांगितलं, की मार्चमधली ताळमेळाची कामं मी जानेवारीपासून उचलते, पण मार्चमध्ये रात्री आठनंतर मला थांबवू नका. ते म्हणाले, “मॅडम, कुणाला थांबायला आवडतं?” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, “बरं.” पुढच्या टेबलावरचा एक जण, एरवी माझ्याशी फक्त व्हाउचरपुरता बोलणारा, मेमध्ये एकदा लिफ्टपाशी घुटमळला. म्हणाला, त्याच्या मिसेसचं असंच काहीसं होतं, डॉक्टरांचा नंबर मिळेल का. मी दिला. तो फोनमध्ये सेव्ह करताना नावाच्या जागी त्याने ‘प्लंबर’ लिहिलं. मी काही बोलले नाही. नंबर बरोबर घेतलाय ना, एवढं तपासून पाहिलं.

पूर्ण बरी झालेय का? नाही. फेब्रुवारी संपत आला की अजून धाकधूक होते. पण आता महिना कोणता आहे ते मला माहीत असतं. आता मी डॉक्टरांना जानेवारीतच भेटून येते. मार्चमध्ये कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही असं घरात ठरलंय: नोकरी सोडायची नाही, घर विकायचं नाही, वहिनीशी भांडण मिटवायला जायचं नाही, कारण ते वाढूनच येतं.

गेल्या पाडव्याला नवऱ्याने विचारलं, “यात्रेला येतेस?” कौपिनेश्वर मंदिरापासून निघणारी नववर्ष स्वागतयात्रा, तलावपाळीवरची गर्दी, ढोलताशे, नऊवारी नेसून गॉगल लावून बुलेटवर बसलेल्या बायका. एकेकाळी मीही लेझीम घेऊन असायचे. आदल्या रात्री झोप बरी लागली होती. म्हटलं, चिंतामणी चौकापर्यंत येते, ढोल फार जवळ आले की परत फिरणार, आणि परत फिरताना ‘काय झालं’ असं विचारायचं नाही. तो म्हणाला, “ठरलं.” आई म्हणाल्या, “श्रीखंड विकतचं आणा. आणि येताना कडुलिंबाचा एक डहाळा, खालच्या झाडाला हात पुरत नाही.”

ढोल जवळ आले तशी मी परत फिरले. रिक्षात बसल्यावर तो इतकंच म्हणाला, “पुढच्या वर्षी लेझीम?”

“पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी,” मी म्हटलं. “आधी डॉक्टरांची तारीख घे, एप्रिलमध्ये त्या पंधरा दिवस सुट्टीवर असतात. आणि रिक्षा वळव, कडुलिंब राहिला.”